खडाखडी, किल्ला आणि कर्व्हबॉल
(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

‘भाषा आणि खेळ’ असा विषय मला दिलाय. मी सांगलीकडचा. आमच्याकडे खेळ म्हटलं की आधी कुस्ती, बाकीचं सगळं नंतर. तरी सुरुवात तालमीतून न करता तासगावच्या एका द्राक्षबागेतून करतो.

तिथे माझा चुलतभाऊ असतो. हंगामात व्यापारी बागेत येतो, घड हातात धरतो, मणी दाबून बघतो, भाव सांगतो, निघून गेल्यासारखं करतो आणि बांधावरून परत येतो. फोनवर मी विचारलं, सौदा झाला का? तो म्हणाला, “अजून खडाखडीच चाललीया. गडी पटात येईना.” ज्यांनी कुस्तीचा फड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुस्तीच्या सुरुवातीला दोघं उभ्यानंच एकमेकांच्या मानेवर हात टाकतात, मनगटं झटकतात, ताकद चाचपतात, ती खडाखडी. आणि खाली वाकून समोरच्याचा पाय ओढणं म्हणजे पट काढणं. एवढ्यात मला बाजारभाव, व्यापाऱ्याची नियत आणि भावाचा मूड, तिन्ही कळलं.

आता दुसरा फोन. इथलाच आपला एक मित्र, वडील मिरजेला. बांधावरून शेजाऱ्याशी बोलाचाली झालेली. मित्र त्यांना म्हणाला, “बाबा, आपण आपलं सांगितलंय, आता बॉल त्याच्या कोर्टात आहे.” वडील हबकले. “कोर्टात? आरं, केस कधी घातली त्यानं?” पुढची पंधरा मिनिटं टेनिस समजावण्यात गेली आणि बांधाचं राहूनच गेलं.

आपण इथे दिवसभर कचेरीत असंच बोलतो. ‘बॉलपार्क’ म्हणजे अंदाजे आकडा द्या, ‘टच बेस’ करू म्हणजे थोडं बोलून घेऊ, क्लायंटने ‘कर्व्हबॉल’ टाकला म्हणजे अचानक पेचात टाकलं. हे सगळं बेसबॉलमधलं, पण आपल्यातल्या किती जणांनी बेसबॉलचा एक सामना शेवटपर्यंत पाहिलाय? हात वर करू नका, जेवणाला उशीर होईल. मला या इंग्रजी बोलण्याचा राग नाही. मला एवढंच म्हणायचंय की खेळातून आलेल्या बोलण्याच्या आत त्या खेळाचे नियम लपलेले असतात, आणि हरणं-जिंकणं म्हणजे काय तेही ते नियमच ठरवतात.

आमच्या लाल मातीचंच बघा. जुन्या कुस्तीत गुण नव्हते. पाठीला माती लागली की संपलं, नाहीतर बरोबरीत सोडवली. जत्रेच्या जाहिरातीवर आजही ‘निकाली कुस्ती’ असं ठसठशीत छापतात. त्यामुळे कुस्तीतून मराठीत आलेली बोलीसुद्धा तशीच आरपार आहे. चीतपट केलं, आस्मान दाखवलं, धोबीपछाड दिली. ‘थोडक्यात हरलो, पण छान लढलो’ यासाठी त्या मातीत फारसं काही सापडत नाही. म्हणून आपल्याकडे भावकीतला वादसुद्धा कुणाची तरी पाठ टेकल्याशिवाय मिटत नाही, असा माझा एक संशय आहे. तो सिद्ध करायला जाऊ नका.

मातीतून मॅटवर जाताना काय होतं, ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना विचारायला हवं होतं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा मॅटही नवीन आणि गुणांचे नियमही नवीन. तरी सहावे आले. मग चार वर्षं तयारी करून 1952 ला हेलसिंकीत बँटमवेटचं कांस्य मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या दौऱ्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. परत आल्यावर कऱ्हाडपासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांचा हातखंडा डाव ढाक. तो त्यांनी मातीतच कमावला होता, पण मॅटवर त्याला गुण किती आणि पंच कधी थांबवतो, हे नव्याने शिकावं लागलं. आता तर महाराष्ट्र केसरीतही गुण मोजतात. 2022 ला साताऱ्यात ती झाली, तेव्हा कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने अंतिम कुस्ती गुणांवरच जिंकली. म्हातारी मंडळी हळहळली असतील, पण भाषेत ‘गुणांवर मारली’ हे आता येऊ लागेल, बघा.

क्रिकेटचं वेगळं. विजय हजारे मूळचे आमच्या सांगलीचे. 1948 च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं, 116 आणि 145. आणि भारत हरला किती? एक डाव आणि 16 धावांनी! कुस्तीत असल्या पराक्रमाला जागाच नाही. क्रिकेटमध्ये आहे, आणि त्यासाठी मराठीने शब्द इंग्रजीतून आणले नाहीत, इतिहासातून आणले: किल्ला लढवला, खिंड लढवली, फलंदाज तंबूत परतला. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांच्या आवाजात रेडिओवर हे ऐकत दोन पिढ्या वाढल्या. इंग्रजांचा खेळ, पण फलंदाज लढतोय पावनखिंडीत.

उलट दिशेनेही तेवढंच आलं. ‘त्याची विकेट पडली’ हे आमच्याकडे लग्न ठरल्यावर म्हणतात. लग्नात पाणी आणायला धावणारा मावसभाऊ तो बारावा गडी. राजकारणात गुगलीशिवाय बातमीच होत नाही, आणि गंमत म्हणजे शरद पवारांचे सासरे सदू शिंदे खरोखरच लेगस्पिन-गुगली टाकायचे. 1951 ला दिल्लीत इंग्लंडचे सहा बळी त्यांनी 91 धावांत काढले होते. स्मृती मानधना सांगलीत वाढली आणि 2025 ला विश्वचषकही हाती आला, तेव्हापासून माझी काकू नव्या सुनेबद्दल “पहिल्या षटकापासूनच फटकेबाजी” असं म्हणते. क्रिकेट म्हणजे पोरांचा अभ्यास बुडवणारी पीडा, असं हीच काकू म्हणायची.

म्हणजे शब्द इंग्रजी की मराठी, हा मुद्दाच नाही. गुगली मिरजेत कळते, कारण मिरजेतल्या गल्लीत ती टाकतात. कर्व्हबॉल कळत नाही, कारण तो तिथे कुणी पाहिलेला नाही. आणि इथे जन्मलेल्या आपल्या पोरांचं बरोबर उलटं. माझ्या मुलीला मी सांगितलं की अमुकने कामात खो घातला. ती म्हणाली, पण खो-खोमध्ये खो मिळाल्यावर तर खेळाडू उठून पळायला लागतो ना? आहे का उत्तर? माझ्याकडे नव्हतं.

बेसबॉलचं एक मात्र मला मनापासून आवडतं. दहा वेळा उभं राहून तीनदा चेंडू नीट लागला, तर तो फलंदाज उत्तम समजतात. सातदा अपयश चालतं. आमच्या वस्तादांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला आणखी शंभर बैठका मारायला लावल्या असत्या.

तर मंडळाच्या मराठी शाळेसाठी एक सूचना आहे. वाक्प्रचारांचा तास वर्गात न घेता मैदानात घ्यावा. आधी खो-खो, लंगडी, लगोरी, मग वाक्यात उपयोग करा. आणि उन्हाळ्यात जे आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना पोरांनी लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या, सामन्याला न्यावं आणि स्ट्राइक म्हणजे काय ते मराठीत समजावून सांगावं. कार्यकारिणीला प्रस्ताव दिलाय. खजिनदारांशी तेवढी खडाखडी चालू आहे.