बरोबरीचं ओझं

मंडळी, आज फक्त एका नियमाबद्दल बोलणार आहे. स्पेनच्या फुटबॉलमधल्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे सेगुंदा दिव्हिसिओनमध्ये, २२ संघ आणि प्रत्येकाचे ४२ सामने. पहिले दोघे थेट ला लीगात, म्हणजे पहिल्या श्रेणीत. वर जायची तिसरी जागा मात्र प्ले-ऑफमधून भरतात, तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या चौघांतून. २०१०-११ च्या मोसमापासून हे चालू आहे. उपांत्य फेरी, मग अंतिम. प्रत्येक लढत दोन सामन्यांची, दुसरा सामना वरच्या क्रमांकवाल्याच्या घरी.

इथवर विशेष काही नाही. पण दोन्ही सामन्यांचे गोल मिळून बरोबरी झाली, जादा वेळेतही सुटली नाही, तर? आपण लगेच म्हणतो, पेनल्टी शूटआउट. तिथे आता ते नाही. साखळीत जो वर होता, तो पुढे गेला, विषय संपला. दहा महिन्यांच्या मेहनतीचं काहीतरी फळ नको का, असा त्यामागचा हिशेब. मला तो पटतो. फक्त हे फळ पचायला फार जड आहे.

२०२३ ची अंतिम लढत बघा. लेव्हान्ते ७२ गुणांनी तिसरे, अलावेस ७१ गुणांनी चौथे. एका गुणाचा फरक! पहिला सामना ०-०. दुसरा व्हॅलेन्सियात, लेव्हान्तेच्या मैदानावर. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळही सरत आला, तरी ०-०. लेव्हान्तेला काहीच करायचं नव्हतं, फक्त घड्याळाकडे बघायचं होतं. आणि तेव्हाच व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी, अलावेसला पेनल्टी मिळवून दिली. आसिएर व्हियालिब्रेने १२९ व्या मिनिटाला चेंडू जाळ्यात धाडला. (हा गडी ट्रम्पेटही वाजवतो, बरं का.) तो एक गुण ४२ सामन्यांत घाम गाळून कमावलेला, आणि तो वाया गेला शेवटच्या दोन-चार मिनिटांत.

जिरोनाची कथा याहून लांबलचक. आपल्याकडे एफसी गोव्याकडून गोलांचा पाऊस पाडणारा फेरान कोरोमिनास, आपला कोरो, त्याच मुलखातला. जिरोनाकडूनही तो खेळला. या क्लबाने प्ले-ऑफमध्ये जेवढे चटके खाल्ले तेवढे क्वचितच कुणी खाल्ले असतील. २०१३ ला अंतिम फेरीत अल्मेरियाकडून हार, २०१६ ला ओसासुनाकडून. मधल्या २०१५ मध्ये तर सारागोसाच्या मैदानावर ३-० जिंकून आले आणि घरी १-४ हरले! एकूण ४-४, पण तेव्हा बरोबरीत परक्या मैदानावरचे गोल मोजत, म्हणून बाहेर.

पुढचं मला जास्त बोलकं वाटतं. २०२०, करोनाचं वर्ष, ऑगस्टमधलं जिरोनाचं रिकामं मैदान, मोंतिलिवी. एल्चेविरुद्ध पहिला सामना ०-० सुटलेला. जिरोना पाचवे, एल्चे सहावे. म्हणजे बरोबरी जिरोनाच्या पथ्यावर. ९६ व्या मिनिटाला पेरे मियाने हेडरने गोल केला आणि एल्चे ला लीगात. २०२१ ला समोर रायो वायेकानो, तेही सहावेच. जिरोना माद्रिदमध्ये २-१ जिंकून आलेले. घरी एक गोल खाल्ला असता तरी भागलं असतं. खाल्ले दोन.

मग २०२२. आता जिरोना स्वतःच सहावे. तेनेरिफेविरुद्ध घरी ०-०, आणि दुसरा सामना त्या बेटावर, जिथे बरोबरी कामाचीच नव्हती. जिंकण्यावाचून गत्यंतर नाही म्हटल्यावर हेच जिरोना ३-१ जिंकले. दोनच वर्षांनी ला लीगात तिसरे येऊन चॅम्पियन्स लीगमध्ये पोचले.

आता कुणी म्हणेल, तुम्ही सोयीची उदाहरणं निवडता. थोडीफार निवडली, कबूल. २०२५ चं ओव्हिएदो तिसरे होते, मिरान्देसकडून पहिला सामना ०-१ हरले आणि घरी जादा वेळेत ३-१ जिंकले. २-१ वर थांबले असते तरी नियमाने तेच वर गेले असते; पण थांबले नाहीत, तिसरा मारला. त्या सामन्यात पेनल्टीवर बरोबरीचा गोल केला चाळिशीच्या सान्ती कासोर्लाने, जो लहानपणी याच क्लबात खेळ शिकला. ओव्हिएदो २४ वर्षांनी वर आले.

आणि लेव्हान्ते? तेही त्याच २०२५ मध्ये परतले. पहिल्या क्रमांकाने, थेट; प्ले-ऑफच्या वाटेला गेलेच नाहीत.