पिक्चरला बक्षीस म्हणून खरंखुरं चित्र! ठाण्यात चालेल का?

नमस्कार मंडळी, आवाज नीट येतोय ना? पंखा बंद केलाय, त्यामुळे घाम दिसला तर समजून घ्या, ठाण्यातला जून आहे.

ही ट्रॉफी बघा. जवळ आणतो, थांबा... हां. चार वर्षांपूर्वी एका शॉर्ट फिल्म फेस्टिवलमध्ये मिळाली, कुठला ते सोडा. खाली संगमरवरासारखं दिसतंय ते प्लास्टिक आहे, वर एक सोनेरी माणूस हातात रीळ धरून उभा आहे आणि ह्या पट्टीवर लिहिलंय 'उत्कृष्ठ'. ठ! ही पट्टी दुसऱ्याच पावसाळ्यात सुटली, मी परत चिकटवली म्हणून वाकडी दिसतेय. सध्या आईने हिला गॅलरीच्या दाराला लावलंय, वाऱ्याने दार आपटतं ना.

बक्षीस म्हणजे हे असंच असतं असं धरून चाललो होतो मी, आणि मग न्यूयॉर्कच्या ट्रायबेका फेस्टिवलबद्दल वाचलं. तिथे जिंकलेल्या डिरेक्टर लोकांना आजच्या चित्रकारांच्या ओरिजिनल कलाकृती देतात. प्रिंट मारलेलं पोस्टर नाही हां, खरं काम. शनेल, तेच परफ्यूमवाले, ते ह्या बक्षिसांच्या मागे होते. म्हणजे तुम्ही पिक्चर केलात, आणि घरी येताना बगलेत दुसऱ्या कुणाचं तरी चित्र! मला तर भारीच वाटलं हे.

पण हे त्यांनाच का सुचावं? तर तो एरियाच तसा आहे. ट्रायबेका म्हणजे कॅनाल स्ट्रीटच्या खालचा त्रिकोण, त्यावरूनच ते नाव पडलं. जुनी गोदामं रिकामी पडली तेव्हा मोठमोठ्या खोल्या म्हणून चित्रकार तिथे राहायला गेले. मग 2001 मध्ये जवळच्याच वर्ल्ड ट्रेड सेंटरवर हल्ला झाला, त्या सगळ्या भागाचा धंदा बसला, आणि लोकांनी परत तिकडे यावं म्हणून 2002 मध्ये हॉलिवूडचा नट रॉबर्ट डी नीरो, प्रोड्युसर जेन रोझेन्थल आणि क्रेग हॅटकॉफ ह्यांनी फेस्टिवल सुरू केला. आता ह्यात गंमत बघा, डी नीरोचे वडील चित्रकार. त्यांचंही नाव रॉबर्ट डी नीरोच. आई व्हर्जिनिया अॅडमिरल, तीही चित्रकार. वडील 1993 मध्ये गेले तर ह्याने त्यांचा स्टुडिओ तसाच ठेवला, ब्रश, ईझल, सगळं जागच्या जागी. असा माणूस फेस्टिवल काढणार आणि तिथे चित्र बक्षीस मिळणार, मला तरी ह्यात काही नवल वाटत नाही.

आणि आयडिया काही नवीनही नाही बरं का. फ्रान्सच्या कान फेस्टिवलमध्ये 1954 पर्यंत 'पाम दोर', म्हणजे ते सोन्याचं पान, वगैरे नव्हतं, तेव्हा 'ग्रां प्री' म्हणजे मोठं बक्षीस होतं आणि सोबत त्या काळात गाजत असलेल्या एखाद्या चित्रकाराचं किंवा शिल्पकाराचं काम द्यायचे. 1946 ला हे ग्रां प्री 11 पिक्चरना वाटून दिलं होतं, त्यात आपल्या चेतन आनंदचा 'नीचा नगर' होता. पान आलं 1955 पासून. मला वाटतं ह्याचं कारण साधं आहे, चित्र दरवर्षी वेगळं असणार, त्याचा लोगो होत नाही, पान मात्र ट्रेलरवर टाकलं की लांबून कळतं. पण मजा म्हणजे 1964 मध्ये त्या पानाच्याच कॉपीराइटची भानगड झाली आणि परत ग्रां प्रीवर यावं लागलं, पान परत आलं ते थेट 1975 ला!

बर्लिन फेस्टिवलचं बक्षीस, सोन्याचं अस्वल, पण खरं तर शिल्पच आहे, रेने सिंटेनिस नावाच्या शिल्पकार बाईंचं. आणि 1967 ला शॉर्ट फिल्मसाठी ते कोणाला मिळालं माहितीये? एम. एफ. हुसेनना. मुंबईत पिक्चरची होर्डिंगं रंगवून पोट भरलेला माणूस, त्याने फिल्म केली आणि बक्षीस म्हणून शिल्प घरी आलं.

बरं, आता कामाचं बोलू. समजा तुम्हाला असं चित्र मिळालं. चित्र तुमचं, पण कॉपीराइट तुमचा नाही. चित्रकाराने आधीच काढलेलं चित्र तुमच्याकडे आलं तर तुम्ही ते भिंतीवर लावा, विका, पण पुढच्या पिक्चरच्या पोस्टरवर छापायचं असेल तर त्याला विचारायला लागतं. मुद्दाम पैसे देऊन काढून घेतलं असेल तर नियम वेगळा, म्हणून आधीच कागदावर काय ते लिहून घ्यायचं. विकताना अजून एक, आपल्या कायद्यात असं आहे की ओरिजिनल चित्र 10,000 रुपयांच्या वर परत विकलं गेलं तर चित्रकार त्यात वाटा मागू शकतो, जास्तीत जास्त 10 टक्के. आणि इन्कम टॅक्सवाले फुकट मिळालेल्या मालमत्तेत चित्रं-शिल्पं पण धरतात, 50,000 च्या वर किंमत गेली की सीएला फोन करा, मला नको.

आणि टॅक्सपेक्षा मोठा शत्रू म्हणजे आपली भिंत. ठाण्यात राहता ना? मग बाहेरच्या भिंतीवर चित्र लावूच नका. ओल येते, मागून बुरशी धरते आणि समोरून काही कळत नाही. कागदावरचं काम असेल तर काच हवी, पण काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट लागते. टेकली की दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि काढताना रंगासकट निघतो. माझ्या आत्याकडे एक फोटो असाच गेलाय, आजोबांचा अर्धा कान काचेवर आहे अजून.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी कापूरबावडीला कलाभवनमध्ये एक प्रदर्शन बघायला गेलो, तिथे ओळखीच्या एक ताई आहेत, लाकडावर कोरून छापचित्रं करतात. मी अगदी उत्साहाने म्हटलं, ताई, आपल्या इथल्या फेस्टिवलला तुम्ही चित्रं द्या ना, बक्षीस म्हणून, तुमचं नावपण होईल. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुला कॅमेरा कोणी फुकट देतो का रे, नाव होईल म्हणून?"

गप्प बसलो मी. कारण खरंय ते. हॉलचं भाडं देतो, बॅनरवाल्याला देतो, ट्रॉफीवाल्याला तर अॅडव्हान्स देतो, आणि चित्रकार आला की आपल्याला एकदम कलेची सेवा आठवते. न्यूयॉर्कमधला नाव झालेला चित्रकार देत असेल एखादं चित्र हौसेने, त्याला परवडतं. इकडे ताई महिनाभर एक ब्लॉक कोरतात.

मग त्यांनीच हिशोब सांगितला. एक ब्लॉक कोरायचा, त्याचे मोजून 12 छाप काढायचे आणि मग ब्लॉकवर आडवी रेघ मारून तो बाद करायचा, म्हणजे तेरावा निघणार नाही. बाराच्या बारा ओरिजिनल. प्रत्येक कॅटेगरीला एक दिला तर एका छापाचा खर्च ह्या आपल्या सोनेरी माणसाच्या आसपास येतो, आणि ताईंना त्यांच्या कामाचे पैसे मिळतात. फेस्टिवलवाल्या एकाशी बोललोय मी, तो म्हणाला "पण स्टेजवर फोटोत चमकणार नाही ना ते." बोलतोय अजून, बघू.

तोवर मी स्वतःच एक विकत घेतला. हा बघा. तलावपाळी आहे, पावसातली, ही बोट, आणि ही रेघ आहे ना ती लाकडाची नस आहे, मुद्दाम ठेवलीये, पाणी वाटतं की नाही? आणि इथे खाली कोपऱ्यात पेन्सिलने, दिसतंय का... 4/12, म्हणजे बारातला चौथा. आणि सही. फ्रेमवाला गुरुवारी देतो म्हणालाय, फट ठेवायला दोनदा सांगितलंय त्याला.