मधला झोळ

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी एका गोधडीबद्दल बोलणार आहे. ती अजून पुरी झालेली नाही. मागच्या हिवाळ्यात तीन महिने मी ती शिवत होते, आणि त्यातले निम्मे दिवस शिवलेलं उसवत होते. शेवटी शेवटी तर सुयांचा डबा समोर दिसला तरी जीव गोळा व्हायचा. तुमच्यापैकी कुणी स्वेटर विणताना, पेटीवर एखादी चीज बसवताना, चित्र काढताना असं अडकून पडलं असेल, तर मला काय म्हणायचंय ते त्यांना लगेच कळेल.

आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरातली तिची ट्रंक माझ्याकडे आली. तिच्यात पाच लुगडी निघाली. दोन इरकली, एक नारायणपेठी, एक महेश्वरी, आणि एक सायीच्या रंगाची चंदेरी, जी ती फक्त गौरींना नेसायची. सगळी विरत चाललेली. बोहारणीला द्यायचा तर प्रश्नच नव्हता. मनात आलं, लेकीसाठी गोधडी शिवू या. लेक ब्रायटनला असते, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. नोव्हेंबरात तिच्याकडे निघाले तेव्हा कपडे कमी केले आणि लुगडी बॅगेत घातली.

माझ्या डोळ्यांपुढे चित्र होतं: समुद्राकाठचं घर, खिडकीशी खुर्ची, मांडीवर शिवण, समोर लाटा. आपण बडोद्याची माणसं. समुद्र म्हटलं की आपल्याला सुट्टीच आठवते. वलसाडजवळच्या तिथलला जायचं, दमणला जायचं, पाय भिजवायचे आणि वाळू झटकत घरी यायचं.

डिसेंबरातला तो समुद्र मात्र निराळा. आकाश राखेच्या रंगाचं, पाणी त्याच रंगाचं, दोघांमधली रेघसुद्धा दिसत नाही. किनाऱ्यावर सगळे गोटे. लाट मागे फिरली की ते एकमेकांवर घासत खाली घरंगळतात आणि सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज येतो, दिवसभर आणि रात्रभर. सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. बडोद्यातला सगळ्यात लहान दिवसही पावणेअकरा तासांचा असतो, तिथे जेमतेम आठ. त्या आठ तासांतही ऊन असेलच असं नाही. एकदा सलग अकरा दिवस मला माझी सावली दिसली नाही. लेक आणि जावई अंधारात घर सोडायची आणि अंधारातच परत यायची. मधल्या वेळात मी, ती खिडकी आणि आईची लुगडी.

पहिली अडचण रंगांची आली. आई रंग नावानिशी ओळखायची. नुसता लाल तिला चालायचा नाही. डाळिंबी की कुसुंबी, गुलबक्षी की अंजिरी, ते सांगावं लागायचं. तिच्या लुगड्यांत हे सगळे होते. मी तुकडे कापले, टेबलावर मांडले, आणि बघते तर डाळिंबी काळा दिसतोय. मोरपंखी आणि शेवाळी शेजारी ठेवले तर दोन्ही एकच. मंद उजेडात लाल रंग आधी काळवंडतात, निळे-हिरवे त्यामानाने तग धरतात. माणसाच्या डोळ्याची घडणच तशी आहे. दिवा लावावा तर त्याच्या पिवळ्या उजेडात पुन्हा सगळं बदलायचं. सकाळी मांडलेलं दुपारी पटायचं नाही, दुपारचं रात्री पटायचं नाही. आठवडाभर मी फक्त तुकड्यांच्या जागा बदलत होते. एक टाका घातला नाही. लेक संध्याकाळी विचारायची, “आई, आज किती झालं?” आणि मला उत्तर द्यावंसं वाटायचं नाही.

मग मी ठरवून कामाला लागले, आणि खरी चूक तिथे झाली.

आई गोधडी जमिनीवर घालायची. ओटीवर खाली एक अख्खं लुगडं पसरायचं, त्यावर वडिलांच्या जुन्या धोतरांचे दोन-तीन थर, चार कोपऱ्यांवर चार पाट. मग एका कोपऱ्यात पहिला तुकडा ठेवायचा, कड आत मुडपायची आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत निघायचं. दुसरा तुकडा पहिल्यावर किंचित चढवून. असं कडेकडेने फिरत फिरत आत यायचं. डावा तळवा सतत कापडावरून पुढे फिरत असतो, सुरकुती पुढे ढकलत. टाका घालताना वरचं कापड दर वेळी केसभर सरकतं. आईच्या पद्धतीत ते सरकणं पुढचा तुकडा सामावून घेतो, कारण पुढचा तुकडा अजून कापलेलाच नसतो. सगळ्यात शेवटी मधोमध जेवढी जागा उरेल तेवढ्याच मापाचा शेवटचा तुकडा. टेप तिने कधी हातात धरली नाही. तिचं माप वितीचं.

आजीचं उलट. आजी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकली होती. बडोद्याच्या बायकांना हातात काहीतरी हुन्नर असावा म्हणून ही संस्था १९१४ साली निघाली. तिथलं वळण आजीच्या हातात शेवटपर्यंत होतं: आधी माप, मग कागदावर आकृती, खडूची खूण, मग कात्री. मी शिवण शिकले ती आजीकडून, आणि गोधड्या घालताना बघितलं ते आईला.

लेकीच्या घरात गोधडी पसरायला जमीन नाही. सोफा, गालिचा, चार माणसांचं जेवणाचं टेबल. त्यामुळे मी आजीसारखं केलं. कागदावर चौकटी आखल्या, तुकडे मोजून कापले, एकमेकांना जोडून वरचा अख्खा थर आधी तयार केला, आणि मग तो अस्तरावर टाकून धावदोरा घालायला घेतला. तो मात्र आईसारखा, कडेकडून आत. आजीची झंपराची पद्धत आणि आईची गोधडीची पद्धत मी एकाच कापडावर चालवली. ते केसभर सरकणं आता सामावायला कुठेही जागा नव्हती. ते सगळं गोळा होत होत मधोमध आलं आणि तिथे झोळ पडला. मूठ मावेल एवढा. हाताने दाबला की शेजारी उठायचा.

उसवलं. पुन्हा घातलं. पुन्हा झोळ. तेव्हा मला कारण कळलेलं नव्हतं; मला वाटायचं टाकेच वाकडे जातायत, हात राहिला नाही आता. अस्तरासाठी तिथलंच नवं सुती कापड आणलं होतं, तेही धुवून न घेता लावलं. जुनं लुगडं आटायचं तेवढं आटून गेलेलं, नवं कापड अजून आटायचं. वाफेची इस्त्री फिरवली तशा सगळीकडे बारीक चुण्या आल्या. ते अस्तर काढून दुसरं, धुतलेलं लावलं. तिसऱ्यांदा सुरुवात.

आणि एके दिवशी सकाळी बघते तर सुया गंजलेल्या. खारी दमट हवा, खिडकीच्या काचेला आतून पाणी सुटायचं, आणि सुयांची उशी मी रात्री तिथेच विसरले होते. एक सुई चंदेरीच्या तुकड्यात टोचलेली राहिली होती. काढली तर खाली तांबूस डाग. गौरींच्या लुगड्यावर. त्या दिवशी मी ती गोधडी गुंडाळून पलंगाखाली सरकवली आणि दुपारभर काहीही केलं नाही. संक्रांतीला बडोद्याहून फोनवर पतंगांची चित्रं आली, पोळांतला, म्हणजे गल्लीगल्लीतला, आरडाओरडा आला. मी तो आवाज दोनदा लावून ऐकला.

खालच्या मजल्यावर एक वयस्कर बाई राहायच्या. लेकीने त्यांना माझ्या गोधडीचं सांगितलं असावं. त्यांनी चहाला बोलावलं आणि त्यांच्या आजीने शिवायला घेतलेली, अर्धवट राहिलेली एक चादर दाखवली. बोटभर लांबीच्या कडा असलेले षटकोनी तुकडे, शेकड्यांनी. तिकडे एक पद्धत आहे. कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापडाची कड मुडपून कच्ची टाचायची, मग तसे तुकडे बारीक टाक्यांनी कडेला कड जोडायचे. कागद काढतात तो सहाही बाजूंनी शेजारी जोडला गेल्यावर, काम पुरं होत आल्यावर. ही चादर पुरी झालीच नाही, म्हणून कागद आतच राहिले होते. बाईंनी ती उलटी केली. मागे सगळे कागद. शाळेच्या वहीची पानं, दुकानाच्या हिशेबाचे चिठोरे, कुणाच्या तरी पत्रातल्या अर्ध्या ओळी. चादर पुरी झाली असती तर हे सगळं चुलीत गेलं असतं. मी भिंग मागून घेतलं आणि तासभर त्या अर्ध्या ओळी वाचत बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शिवणाकडे बघून मला बरं वाटलं.

मीही त्यांना आपल्या भरूचची सुजनी सांगितली. आपल्याला ती दुलई घरचीच, पण त्यांनी चहा बाजूला ठेवून ऐकलं. कापड विणतानाच त्यात चौकोनी खिसे होतात आणि मागावरच त्यांत कापूस भरतात, शिवायचा टाकाच नाही. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही सांगितलं. निघताना मी माझ्या झोळाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही वरचा थर आधी जोडतो, पण मग टाके मधून बाहेर घालत जातो, म्हणजे जास्तीचं कापड कडेला निघून जातं. मी जिना चढता चढता थांबले. दोन्ही पद्धती बरोबर होत्या. मी एकीचा अर्धा आणि दुसरीचा अर्धा घेतला होता.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा आपण होऊन किनाऱ्यावर गेले. हिवाळ्यात दिवस मावळताना तिथल्या धक्क्याजवळ मैनेच्या जातीचे पक्षी हजारोंनी जमतात. आपल्याकडे हिवाळ्यात भोरड्या येतात ना, त्यांच्याच कुळातले. अख्खा थवा एकदम वळतो, पातळ होतो, दाटतो, कापड झटकल्यासारखा लाटा घेतो, आणि मग एकदम धक्क्याच्या खाली, खांबांमध्ये उतरून गप्प होतो. आकाश तसंच राखेचं होतं. थंडीने माझी बोटं बधिर झाली होती. पण मी शेवटचा पक्षी उतरेपर्यंत उभी राहिले.

फेब्रुवारीत परत आले. गोधडी तशीच आणली, मधल्या झोळासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी अगाशीवर चटई टाकून ती पसरली. आपलं ऊन तिच्यावर पडलं आणि मी बघतच राहिले. तिथे काळा दिसणारा डाळिंबी गुलबक्षीच्या अगदी मांडीला मांडी लावून बसला होता. आईने ते दोन रंग जन्मात शेजारी ठेवले नसते. मोरपंखी मात्र असा उजळला की मी त्याच्यासाठी घातलेला सगळा वाद वाया गेला असं वाटलं नाही. चंदेरीच्या डागावर लिंबू आणि मीठ चोळून तो तुकडा उन्हात ठेवला. तिथे हे सुचलं होतं, पण वाळवायला ऊन कुठून आणायचं? दोन दिवसांत डाग फिका झाला. पूर्ण गेला नाही. हरकत नाही.

मग जमिनीवर बसले. मधला भाग वीतभर रुंद उसवला, झोळ चारी बाजूंनी कापून टाकला, डाळिंबी काढून दुसरीकडे लावला, आणि कडा आईसारख्या तळव्याने सपाट करत आत आणल्या. आता गोधडी जमिनीवर सरळ पडते. फक्त मधोमध चौकोन उघडा आहे, खालचं अस्तर दिसतंय. आईच्या लुगड्यांतलं त्याला पुरेल एवढं काही शिल्लक नाही. म्हणून लेकीला फोन केला. म्हटलं, तुझ्या अंगावरचं एखादं जुनं, मऊ झालेलं सुती कापड पाठव, कुठलंही. तिने विचारलं, “कुठला रंग हवा?” मी म्हटलं, “तू पाठव, मी इथे बघते.”

पाकीट काल संध्याकाळी आलं, दिवेलागणीला. मी अजून फोडलेलं नाही. उद्या सकाळी नऊपर्यंत अगाशीवर ऊन येतं, तेव्हा फोडेन.

नमस्कार.