आधी केळी लावा

मंडळी, वादळाचा विषय निघाला की आपण कोणी थांबत नाही. म्हणून मी सुरुवातीलाच आवरतं घेतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं आणि दुपार कलायच्या आत श्रीवर्धन, दिवेआगरच्या पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, वाड्या आडव्या झाल्या. माझी किती झाडं पडली तो आकडा आज सांगत नाही. वर्षभर येईल त्याला तो सांगत होतो, आणि दर वेळी तो थोडा वाढत होता!

उशाशी पंचनाम्याची फाईल. भरपाई आधी हेक्टरी ठरली, आपल्या वाड्या गुंठ्यांत. राग खराच होता. पण त्या रागात एक पावसाळा फुकट गेला. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्यात हे एक मी पदरचं घातलं.

पुढच्या पावसाळ्यात रोपं लावली. नऊ-नऊ फुटांवर, सरळ ओळीत, डोळ्यांसमोर आजोबांची वाडी. मार्चमध्ये पश्चिमेचं ऊन लागलं आणि रोपं करपली. पान आधी पिवळं, मग हातात घेतलं की चुरा. काका कुंपणापाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "अरे, आधी केळी लावायची. सावली कोण देणार तुझ्या पोफळींना? मी?"

मला आजोबांची वाडी आठवत होती, त्यांनी ती उभी कशी केली ते आठवत नव्हतं. आपलं पुष्कळसं 'पूर्वी' असंच असतं. दक्षिणेला आणि पश्चिमेला केळी लावली, ती वर आल्यावर पुन्हा रोपं. बियाणं मात्र बाहेरून आणलं नाही. वादळात उभ्या राहिलेल्या जुन्या पोफळींची पिकली फळं उतरवून रुजत घातली. वारा त्यांनी बघितलेला आहे.

आता झाडावर चढून सुपारी उतरवणाऱ्या आमच्या पाडेल्याची गोष्ट. पूर्वी तो एकदा वर चढला की शेंडा झुलवून या झाडावरून त्या झाडावर जायचा, अर्धी ओळ संपवूनच खाली. आता मध्येच झाड नाही, की उतरा, पुन्हा चढा. परवा त्याला नवी रोपं दाखवली. म्हटलं, आणखी काही वर्षांनी पुन्हा झुलशील. तो म्हणाला, "भाऊ, तेव्हा माझे गुडघे नसतील. पोरगा पनवेलला नोकरीला. चढणार कोण ते आधी बघा."

यावर मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन मोकळ्या जागांचा हिशेब केला. तिथे आता पोफळ नाही, जायफळाची कलमं लावतोय. दापोलीच्या विद्यापीठाची कोकण सुगंधा ही जात. रोपं रुजवली तर निम्मी नर निघतात, म्हणून कलमंच. आणि जायफळ पिकलं की उकलून आपसूक खाली पडतं. वाकून वेचता येईपर्यंत तरी माझी कंबर टिकावी. काकांनी एवढंच विचारलं, "याला केळीची सावली पुरेल ना?"