बेटावर कोण पोचलंच नाही?

नमस्कार मंडळी. सुरुवात समुद्रातल्या बेटापासून नाही करत, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यापासून करते. तिसऱ्या मजल्यावर पाण्याच्या टाकीखाली भिंतीला एक चीर आहे, जेमतेम बोट जाईल एवढी, आणि तिच्यात दर पावसाळ्यात पिंपळ उगवतो, उपटला की पुढच्या वर्षी परत हजर. कोणी लावला? बुलबुल नाहीतर साळुंकी येऊन बसली, शिटली, झालं काम. आता मला सांगा, त्या चिरेत आंबा कधी उगवलाय का? खाली अंगणात कोयी पडलेल्या असतात तरी नाही, कारण कोय उचलून तिसऱ्या मजल्यावर नेणारं कोणी नाही ना. बेटांचं अगदी हेच आहे, म्हणून मी मुलांना कायम सांगत आले की बेटावर कोण आहे ते नंतर बघा, कोण पोचलंच नाही ते आधी बघा.

क्राकाटोआ घ्या, जावा आणि सुमात्राच्या मधलं. 27 ऑगस्ट 1883 ला ज्वालामुखी फुटला, उरलेल्या तुकड्यावर नुसती गरम राख. पुढच्या मे महिन्यात एक फ्रेंच मोहीम गेली तर त्यांना अख्ख्या बेटावर एकच जीव दिसला, एक बारीकसा कोळी, आणि तो जाळं विणत होता! या कोळ्यांची पिल्लं रेशमाचा धागा हवेत सोडतात आणि वाऱ्याबरोबर उडत कुठच्या कुठे जातात. मग नेचे आले, गवत आलं, आणि उंबराच्या जातीची झाडं पक्ष्यांनी, वटवाघळांनी आणली, म्हणजे आमच्या भिंतीसारखंच.

सरडेसुद्धा पोचतात हं. 1995 मध्ये कॅरिबियनमध्ये मोठी वादळं झाली आणि त्यानंतर अँग्विला बेटाच्या किनाऱ्यावर उन्मळलेल्या झाडांचा एक मोठा तराफा लागला, त्याच्यावर निदान 15 हिरव्या इग्वाना बसलेल्या! त्या बेटावर त्या आधी नव्हत्याच. बेडकाला मात्र हे जमत नाही, त्याची कातडी पातळ, खारं पाणी सोसत नाही, म्हणून हवाई किंवा गॅलापागोससारख्या लांबच्या बेटांवर मूळचा बेडूकच नाही.

आणि जो आला नाही त्याची जागा रिकामी राहते, तीच दुसरा कोणीतरी भरतो. न्यूझीलंडला वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारे मूळचे सस्तन प्राणीच नव्हते, मग चरायचं काम मोआ नावाचे अवाढव्य पक्षी करायचे आणि रात्री जमीन हुंगत किडे शोधायचं काम किवी करतो. पकडणारं कोणी जमिनीवर नाही तर पंख कशाला पोसायचे, पिढ्यानपिढ्या ते आखूड होत गेले.

हे बदल व्हायला लाखो वर्षंच लागतात असं नाही. गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं 1973 पासून फिंच पक्षी मोजत होतं. 1977 ला पाऊस जवळजवळ पडलाच नाही, बारीक मऊ बिया संपल्या, उरले ते सराटे. हो हो, आपलेच सराटे, गोखरू म्हणा, सायकलचं ट्यूब फोडतात त्यांच्याच जातीचे! ते फोडायला जाड चोच लागते. त्यातल्या एका जातीचे बहुतेक पक्षी मेले, आणि जे वाचले त्यांची चोच आधीच्या सरासरीपेक्षा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने जास्त जाड होती, बस एवढंच, पण पुढच्या पिढीतही ती तशीच जाड उतरली.

आता जे पोचलंच नव्हतं ते एक दिवस पोचलं की काय होतं, ते सांगते, कारण मला खरं हेच सांगायचंय. ऑस्ट्रेलियाजवळ लॉर्ड हाव बेट आहे. तिथे हाताच्या पंजाएवढा, काळा, बिनपंखांचा काडीकिडा रात्री झाडांवर फिरायचा. 1918 मध्ये एक जहाज तिथे खडकाला लागलं आणि त्यातून उंदीर उतरले. दोन-तीन वर्षांत किडा संपला, सगळ्यांनी तो गेलाच असं धरलं. पण वीसेक किलोमीटरवर समुद्रातून सरळ वर आलेला बॉल्स पिरॅमिड नावाचा सुळका आहे, 562 मीटर उंच, आणि तिथे उंदीर पोचलेच नव्हते. 2001 मध्ये काही लोक रात्री बॅटरी घेऊन त्या कड्यावर चढले, एका झुडपाखाली बघतात तर तोच किडा! पुढे नीट मोजले तेव्हा 24 भरले, अख्ख्या जगात तेवढेच.

2003 मध्ये त्यातली एक जोडी मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात आणली. थोड्याच दिवसांत मादी आजारी पडली, पाय आखडले, हलेना. तिला सांभाळणाऱ्याने कॅल्शियम घातलेलं गोड पाणी हातावर धरून थेंब थेंब भरवलं. ती उठली, आणि तिने अंडी घातली.