मक्याच्या पोंग्याभोवतीचा शोध

नाशिक जिल्ह्यात निफाड आणि येवल्याकडच्या शिवारांत खरिपाचा मका गुडघ्याएवढा झाला, की पानांवर लांबट छिद्रे आणि पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, भुशासारखी ओलसर विष्ठा दिसू लागते. ही लष्करी अळीची खूण आहे. ही अळी भारतात 2018 साली प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. शेतकऱ्याला अळी दिसते. पण त्याच पोंग्याभोवती तिला शोधत फिरणारी, जेमतेम मुंगीएवढी गांधीलमाशी सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. तिचा हा शोध नेमका कसा चालतो, हे आपण पाहणार आहोत.

ही गांधीलमाशी म्हणजे कॅम्पोलेटिस क्लोरिडी. हरभऱ्यावरच्या घाटेअळीची ही जुनी शत्रू, आणि लष्करी अळी देशात आल्यानंतर तिच्या लहान अळ्यांमध्येही हिची पिल्ले आढळली. मादी अळीच्या शरीरात एक अंडे घालते, त्यातून निघालेले पिल्लू अळीला आतून खात वाढते आणि अखेर अळी मरते. प्रौढ मादी स्वतः फुलांतल्या मधुरसासारख्या गोड द्रवावर जगते. अळी तिला हवी असते ती संततीसाठी. योग्य वयाच्या जितक्या अळ्या सापडतील तितकीच तिची पिल्ले, आणि प्रौढ आयुष्य मात्र थोडे. तिचे सारे वागणे या हिशेबातून समजून घ्यावे लागते.

या शोधातली खरी अडचण वासाची आहे. अळीचा स्वतःचा गंध अतिशय क्षीण असतो, कारण ज्या अळ्या दुरून ओळखू येतात त्या आधी मारल्या जातात. उलट पिकाचा गंध भरपूर असतो, पण त्या पिकावर अळी असेलच असे नाही. म्हणजे खात्रीची खूण दुरून कळत नाही आणि दुरून कळणारी खूण खात्रीची नसते. हा पेच मका स्वतःच सोडवतो. 1990 साली टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की मक्याचे पान नुसते खरवडले तर फारसे काही घडत नाही, पण त्या जखमेवर अळीच्या तोंडातला स्राव लावला तर काही तासांतच ते रोप टर्पीन गटातली गंधद्रव्ये मोठ्या प्रमाणात सोडू लागते आणि कोटेसिया या दुसऱ्या गांधीलमाशीच्या माद्या त्या गंधाच्या दिशेने उडत येतात. अळीने न खाल्लेली पानेही हा गंध सोडतात. स्रावातला जो घटक हे घडवून आणतो, तो 1997 साली वेगळा करण्यात आला आणि त्याला व्होलिसिटिन हे नाव मिळाले. कीड खात असताना पीक मुकाट सोसत राहते ही आपली समजूत या प्रयोगांनी मोडली, आणि आमच्या मते या विषयातले सर्वांत मोलाचे ज्ञान तेच आहे.

रोपापर्यंत पोचल्यावर मादी उडणे थांबवते आणि चालू लागते. मिशा पानावर आपटत ती विष्ठेचे कण आणि कुरतडलेल्या कडा तपासते. येथे अनुभवाचा भाग सुरू होतो. मायक्रोप्लायटिस क्रोसिपेस या गांधीलमाशीच्या माद्यांना अन्नाबरोबर एक गंध आणि अळीबरोबर दुसरा गंध शिकवता येतो. त्यानंतर भुकेलेली मादी अन्नाच्या गंधाकडे जाते आणि पोट भरलेली मादी अळीच्या गंधाकडे. शेताच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. आसपास फुले नसतील तर मादीचा वेळ अळ्या शोधण्याऐवजी खाणे शोधण्यात जातो. म्हणून बांधावर धने, बडीशेप किंवा तीळ फुलू द्यावेत.

एका ठिकाणी किती वेळ घालवायचा, हाही निर्णय तिलाच घ्यावा लागतो. व्हेंचुरिया कॅनेसेन्स या जातीत यजमान अळीचा, म्हणजे जिच्यात अंडे घालायचे तिचा, गंध जितका दाट, तितका वेळ मादी तेथे रेंगाळते; अंडे घालण्याची संधी मिळाली की मुक्काम वाढतो आणि काहीच सापडले नाही तर ती निघून जाते. काही जातींत नेमके उलटे घडते: प्रत्येक अंड्याबरोबर निघण्याची ओढ वाढते, कारण तेथे उरलेल्या अळ्या कमी झालेल्या असतात. आधीच अंडे घातलेली अळी बहुतेक माद्या ओळखतात आणि टाळतात. मात्र 1993 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वादळापूर्वी घटतो तसा हवेचा दाब घटवल्यावर लेप्टोपिलिना हेटेरोटोमा जातीच्या माद्या अशा वापरलेल्या अळ्यांतही अंडी घालू लागल्या. आयुष्य लवकर संपण्याची शक्यता दिसली की निवड करीत बसणे परवडत नाही.

अळीच्याही आधी पतंगाची अंडी गाठून त्यांत आपली अंडी घालणारे मित्रकीटक वेगळे. ट्रायकोग्रामा ही त्यातलीच एक गांधीलमाशी, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची. कामगंध सापळ्यात आपण मादी पतंगाचा जो गंध वापरतो, तोच गंध ट्रायकोग्रामाच्या काही जाती ओळखतात. रात्री पतंगाने सोडलेला हा गंध पानांच्या मेणचट थरात टिकून राहतो आणि दिवसा हिंडणाऱ्या मादीला अंड्यांच्या आसपास थांबवतो. अंडे सापडल्यावर ती त्यावर चालून त्याचा आकार मापते आणि आत किती अंडी घालायची ते त्यावरून ठरवते.

पानावर मात्र ती मुख्यतः पायीच शोध घेते, त्यामुळे ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी चिकटवलेल्या एका ट्रायकोकार्डाची पोच काही मीटरच असते. म्हणूनच ट्रायकोकार्डाच्या पट्ट्या एका कोपऱ्यात न लावता शेतभर, पानांच्या खालच्या बाजूस, उन्हाची वेळ टाळून टाचाव्यात आणि त्यानंतर रासायनिक फवारणी थांबवावी. लष्करी अळीचा पतंग आपली अंडी पुंजक्याने घालून वर केसांचा थर पसरवतो. त्या थराखाली शिरणे ट्रायकोग्रामाला जड जाते, तर टेलेनोमस रेमस हा दुसरा मित्रकीटक खालच्या अंड्यांपर्यंतही पोचतो. अंड्यांतून अळ्या दोन-तीन दिवसांतच बाहेर पडतात, त्यामुळे दोघांनाही मिळणारी मुदत तेवढीच असते.