आधी बाळ, मग मॉनिटर

नमस्कार श्रोतेहो. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, माझी २२ वर्षं गेली. त्यातली बरीचशी नव्या सिस्टरांना हाताशी धरण्यात.

नर्सिंगच्या जीएनएम डिप्लोमाची ३ नाहीतर बीएस्सीची ४ वर्षं करून, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घेऊन मुलगी येते. पुस्तक तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ असतं. पण किलोभराचं बाळ तिनं कधी हातात घेतलेलं नसतं. त्याच्या अंगात रक्त जेमतेम ८०-९० मिली, कटिंग चहाच्या ग्लासाएवढं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की औषध दसपट जातं. म्हणून असं औषध दोघींनी तपासायचं, आणि दुसरीनं हिशेब स्वतः मांडायचा. नवी मुलगी सिनियरसमोर हमखास नुसती मान डोलावते! मग मी गणित आधी तिलाच करायला लावायची, माझं नंतर.

मॉनिटरचा अलार्म वाजला की तिचा हात आवाज बंद करायच्या बटणाकडे जातो. मी म्हणायची, "अगं, बाळ तिकडे आहे." छाती हलतेय का, ओठ निळे पडलेत का, की नुसता पायाचा सेन्सर निसटलाय? हे बघून बघूनच येतं, तेही शेजारी कुणी उभं असेल तर.

अडतं ते इथंच. ड्युटी लिस्टमध्ये नव्या मुलीला पहिल्या आठवड्यापासून पूर्ण माणूस धरतात. शिकवणारीलाही तिच्या वाटणीची बाळं सांभाळायची असतातच. मग शिकवणं उरतं चहाच्या वेळेपुरतं. यावरून मी वरिष्ठांशी भांडले. दरवेळी जिंकले नाही.

एका रात्रपाळीला, रुजू होऊन तिसरा आठवडा असलेली मुलगी माझ्याकडे आली. "सिस्टर, मॉनिटर ठीक आहे, पण बाळाचं पोट कोमट आणि तळवे गार लागतायत." काखेत थर्मामीटर लावला. ३६.२ अंश सेल्सिअस. हवं ३६.५ च्या वर. टोपी-मोजे घातले, आईला बोलावून बाळ तिच्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून पांघरूण.

तासाभरानं ती पुन्हा तळवे चाचपून आली.

"३६.७. चार्टवर तुम्ही लिहिता की मी?"

"तूच लिही," मी म्हटलं.